दोघांतला सौदा, सगळ्यांची वही

12 जानेवारी 2009 रोजी सातोशी नाकामोतो या नावाने वावरणाऱ्या अज्ञात व्यक्तीने हॅल फिनी या अमेरिकी प्रोग्रामरला 10 बिटकॉइन पाठवले. चलन जन्माला येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. हा व्यवहार बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीतल्या 170व्या ब्लॉकमध्ये नोंदला गेला आणि आजही तो कुणालाही, जगातून कुठूनही, कुणाच्या परवानगीशिवाय पाहता येतो. पुढल्या वर्षी, 22 मे 2010 रोजी, फ्लोरिडातल्या लॅस्लो हन्येत्झने 10,000 बिटकॉइन मोजून दोन पिझ्झा मिळवले. ती रक्कम त्याने अनेक लहानमोठ्या तुकड्यांतून गोळा केली होती, आणि ते सारे तुकडे एकाच मालकाचे असावेत एवढा निष्कर्ष त्या एका नोंदीवरून कुणीही काढू शकतो. रोखीने केलेल्या खरेदीची आठवण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यापुरती राहते. बँकेतून पैसे दिले तर बँक तिसरी साक्षीदार होते. बिटकॉइनने बँकेला उठवले आणि तिच्या जागी सगळ्या जगाला आणून बसवले. वर्तमानपत्रांनी या चलनाला ‘गुप्त’ म्हणून जो लौकिक मिळवून दिला तो वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

हा उघडेपणा कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सहसा गणिताच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी साधी कूटलिपी, मग अवघड कूटलिपी, मग त्याहून अवघड. तो खोटा नाही, पण त्यात मुख्य गोष्ट निसटते. व्यवहार दोघांचा असतो, म्हणून त्याची गुप्तताही दोघांची मिळून असते. एका पक्षाला ती एकट्याने मिळवता येत नाही, बाजारातून विकत तर मुळीच आणता येत नाही. ज्या उपायांनी एकट्या माणसाला लपवायचे ठरवले ते एक तर फुटले किंवा स्वतःच संशयाची खूण बनले. समोरच्या पक्षाला कामात सामील करून घेणाऱ्या उपायांची दिशा बरोबर होती, मात्र त्यांचा वापर सर्वांत कमी झाला. या दोन्ही गोष्टींना कारणे आहेत आणि ती बिटकॉइनच्याही आधीपासूनची आहेत.

डेव्हिड चॉम या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने 1982 मध्ये ‘आंधळ्या सही’ची कल्पना मांडली. ती समजावताना तो कार्बन कागद लावलेल्या पाकिटाचे उदाहरण देई. पाकीट न उघडता बाहेरून सही केली की ती आतल्या कागदावर उमटते, पण आत काय लिहिले आहे ते सही करणाऱ्याला दिसत नाही. बँकेने अशी सही केलेले डिजिटल नाणे पुढे कुणीही खर्च केले तरी ते मुळात कोणत्या खातेदाराला दिले होते हे बँकेला सांगता येत नाही. चॉमने 1989 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला डिजिकॅश ही कंपनी काढली, 1995 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या मार्क ट्वेन बँकेने तिचे ई-कॅश ग्राहकांना देऊ केले, आणि 1998 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. या पराभवाची कारणे व्यापारी होती. ती आता बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की चॉमच्या योजनेत फक्त पैसे देणारा झाकला जाई. घेणाऱ्याला ते नाणे लगेच बँकेत भरावे लागे, नाही तर तेच नाणे दोनदा खर्चले जात नाही ना हे तपासता आले नसते. त्यामुळे घेणारा आणि रक्कम दोन्ही बँकेच्या डोळ्यांसमोर राहत. चॉमला हे वैगुण्य वाटत नव्हते. लाच किंवा खंडणी घेणारा आपोआप उघडा पडेल, हा तो तिचा गुण मानत असे. म्हणजे आरंभापासूनच कोडे एका बाजूने सुटले होते आणि दुसरी बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती.

नाकामोतोने 31 ऑक्टोबर 2008 रोजी जे नऊ पानी टिपण प्रसिद्ध केले त्यात गोपनीयतेवर एक छोटा विभाग आहे. त्यातला सल्ला असा: व्यवहार सगळ्यांना दिसतील, पण पत्त्यामागचा माणूस दिसणार नाही, प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली, म्हणजेच नवा पत्ता, वापरावी. आणि लगोलग एक कबुली: एकाच व्यवहारात अनेक नाणी जोडली तर ती एका मालकाची होती हे उघड होणे अटळ आहे. पुढल्या पंधरा वर्षांतल्या पाळत ठेवणाऱ्या साऱ्या धंद्याचा पाया या एका वाक्यात आहे. डब्लिनच्या फर्गल रीड आणि मार्टिन हॅरिगन यांनी 2011 मध्ये हा धागा धरून पत्त्यांची जाळी उलगडून दाखवली. 2013 मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. एकत्र जोडलेल्या नाण्यांचा मालक एक, हे पहिले गृहीतक. आणि मोठे नाणे मोडल्यावर जी उरलेली रक्कम नव्या पत्त्यावर परत येते तो पत्ताही देणाऱ्याचाच, हे दुसरे. पण पत्त्यांच्या गठ्ठ्याला नाव कसे द्यायचे? त्यासाठी संशोधकांनी कूटलिपी फोडली नाही. त्यांनी एक्स्चेंज, दुकाने, जुगाराची संकेतस्थळे अशा नाना ठिकाणी स्वतः 344 व्यवहार केले. एखाद्या दुकानाला पैसे दिले की त्याचा एक पत्ता कळला, आणि त्या पत्त्याच्या मागून सगळा गठ्ठा ओळखीचा झाला. गळती झाली ती समोरच्या पक्षाकडून, आणि तीही अगदी राजरोस खरेदीतून.

गुप्तता विकत घेण्याचा मार्ग तोवर निघालाच होता. मिक्सर म्हणवणाऱ्या सेवा अनेकांची नाणी घेत, त्यांची सरमिसळ करत आणि कमिशन कापून दुसरीच नाणी परत देत. 2011 पासून चाललेली बिटकॉइन फॉग ही त्यांतली गाजलेली सेवा. ती चालवल्याबद्दल 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने एकाला साडेबारा वर्षांची शिक्षा दिली. कायद्याचे राहू दे, पण निव्वळ गोपनीयतेच्या हिशेबानेही हा सौदा खुळेपणाचा होता. जगापासून जे लपवायचे ते एका अनोळखी चालकाच्या हाती सोपवायचे, तो वही जाळून टाकेल असे मानायचे, आणि नाणी घेऊन तो पसार होणार नाही अशी आशा बाळगायची.

चालकाला हात न लावू देता सरमिसळ करता येईल हे ग्रेगरी मॅक्सवेल या बिटकॉइनच्या विकासकाने ऑगस्ट 2013 मध्ये दाखवले. कॉइनजॉइन या त्याच्या योजनेत अनेकजण मिळून एकच व्यवहार रचतात, प्रत्येकजण आपापल्या नाण्यापुरती सही करतो, आणि सगळ्यांना सारख्या रकमेची नाणी परत मिळतात. कुणाचे कोणते हे बाहेरच्याला सांगता येत नाही आणि चोरी करायला मध्ये कुणी नसतो. कल्पना देखणी होती. तरी तिच्यात एक खोट राहिली: तंतोतंत सारख्या रकमांची रांग वहीत लांबूनच ओळखू येते. काय लपवले हे कळत नसले तरी लपवणारे कोण होते हे कळते. वसाबी आणि समुराई या डिजिटल पाकिटांनी 2018-19 च्या सुमारास हा मार्ग लोकप्रिय केला, आणि अशी नाणी घेताना एक्स्चेंज हात आखडता घेऊ लागले. मार्च 2022 मध्ये असे व्यवहार जुळवून देणाऱ्या वसाबीच्या समन्वयक कंपनीनेच काही नाणी नाकारण्याचे जाहीर केले, 1 जून 2024 ला तिने ती सेवा बंद केली, आणि त्याआधी एप्रिलमध्ये समुराईच्या संस्थापकांना अटक झाली होती. गर्दीत शिरल्याने माणूस झाकला जातो हे खरे, पण ती गर्दी झाकून घेण्यासाठीच जमलेली असेल तर पहारेकऱ्याला फक्त तिच्यावर नजर ठेवली की पुरते.

मग गोपनीयता चलनातच का बसवू नये? एप्रिल 2014 मध्ये सुरू झालेल्या मोनेरोत खऱ्या नाण्याबरोबर वहीतली दुसऱ्यांची काही नाणी सोबती म्हणून जोडली जातात, म्हणजे त्यांतले कोणते खर्च झाले हे कळू नये. ऑक्टोबर 2016 मध्ये आलेल्या झीकॅशचे गणित त्याहून भारी: व्यवहार वैध आहे हे रक्कम, देणारा, घेणारा यांतले काहीच न दाखवता सिद्ध करता येते. माझ्या मुद्द्याला सर्वांत चांगला पुरावा मात्र याच दोघांच्या सुरुवातीच्या इतिहासात सापडतो. मोनेरोत आरंभी एकही सोबती न जोडता पैसे पाठवायची मुभा होती आणि पुष्कळांनी ती घेतली. अशा उघड्या व्यवहारातले नाणे दुसऱ्या कुणाच्या व्यवहारात सोबती म्हणून आले की ते आधीच खर्च झालेले आहे हे कळे. ते वगळले जाई, आणि वगळता वगळता खरे नाणे हाती लागे. हे 2017 मधल्या अभ्यासांनी दाखवले. सोबती जोडणे 2016 पासून सक्तीचे झाले होते, पण जुन्या नोंदी पुसता येत नाहीत. झीकॅशमध्ये झाकलेला व्यवहार ऐच्छिक होता, बहुतेकांनी उघडाच वापरला. आणि झाकलेल्या कप्प्यात जेवढे घातले तेवढेच थोड्या वेळात बाहेर काढणाऱ्यांच्या नोंदींच्या जोड्या लंडनच्या संशोधकांनी 2018 मध्ये लावून दाखवल्या. काळजी घेणाऱ्यांचा बळी शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाने गेला. गणितात कुठे चूक नव्हती.

आता दोघांच्या वाटेकडे येऊ. मे 2013 मध्ये टिअर नोलन या टोपणनावाने लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या चलनांची अदलाबदल मध्यस्थाशिवाय करण्याची रीत सुचवली. एका पक्षाने एक गुपित आकडा ठरवायचा आणि त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ आकडा काढता येत नाही असा ठसा, जाहीर करायचा. दोघांनीही आपापले पैसे त्या ठशाच्या कुलपात ठेवायचे. पहिल्याने दुसऱ्याचे पैसे काढण्यासाठी गुपित उघड केले की तेच गुपित वापरून दुसरा पहिल्याचे पैसे काढतो. ठरलेल्या वेळेत काही झाले नाही तर ज्याचे त्याला परत. फसवायला जागाच नाही. लाइटकॉइनचा जनक चार्ली ली याने सप्टेंबर 2017 मध्ये अशा अदलाबदली प्रत्यक्ष करून दाखवल्या. पण ही रीत विश्वासाचा प्रश्न सोडवण्यासाठी होती, गोपनीयतेसाठी नव्हती, आणि ते दिसून येते: एकच ठसा दोन्ही चलनांच्या वह्यांत उमटतो, त्यामुळे कुणीही दोन नोंदी जुळवू शकतो. मॅक्सवेलने ऑक्टोबर 2013 मध्ये याच कुलपाला गोपनीयतेचे वळण दिले. कॉइनस्वॅपमध्ये बिटकॉइनच्याच दोन मालकांनी आपली नाणी एकमेकांशी बदलायची, आणि सगळे सुरळीत पार पडले तर ठसा वहीत येऊच द्यायचा नाही. बाहेरच्याला दोन स्वतंत्र, परस्परांशी संबंध नसलेले व्यवहार दिसतात. नाण्याचा पूर्वेतिहास मात्र मालक बदलून बसलेला असतो.

अँड्र्यू पोएल्स्ट्रा या गणितज्ञाने 2017 पासून मांडलेल्या कामाने नोलनच्या रीतीतली उणीवही भरून काढली. गुपित वेगळे जाहीर करण्याऐवजी ते सहीच्या आत दडवता येते. एकाने सही पूर्ण करून पैसे घेतले की त्या सहीतूनच दुसऱ्याला गुपित मिळते, आणि तिसऱ्याला तिथे एक साधी सही दिसते. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइनमध्ये टॅपरूट हा बदल लागू झाल्यावर दोघांची मिळून केलेली सहीसुद्धा एकट्याच्या सहीसारखी दिसू शकते. त्याच वर्षी याच तत्त्वावर बिटकॉइन आणि मोनेरो यांची थेट अदलाबदल प्रत्यक्षात आली. मोनेरोत तसले कुलूप घालायची सोयच नसल्याने एरवी ती शक्य नव्हती.

पण सगळ्यांत साधी आणि माझ्या मते सगळ्यांत मार्मिक युक्ती 2018 मध्ये चर्चेत आली. तिचे नाव पेजॉइन. समजा गिऱ्हाइकाकडे 10चे नाणे आहे आणि दुकानदाराला 3 द्यायचे आहेत. नेहमीच्या रीतीत 10 आत जातात, 3 आणि 7 बाहेर येतात. पेजॉइनमध्ये दुकानदार आपले 5चे नाणे त्याच व्यवहारात घालतो. 15 आत जातात, 8 दुकानदाराकडे आणि 7 गिऱ्हाइकाकडे येतात. खरी किंमत, म्हणजे 3, वहीत कुठेही लिहिली जात नाही. पाहणारा दोन्ही नाणी एकाच मालकाची धरतो आणि तिथेच चुकतो. ही चूक त्या व्यवहारापुरती राहत नाही. असे व्यवहार पुरेसे होऊ लागले तर नाकामोतोने अटळ मानलेल्या त्या गृहीतकावर कुठेच भरवसा ठेवता येणार नाही, आणि पेजॉइन न वापरणाऱ्यांनाही त्याचा लाभ होईल. मोनेरोत शेजाऱ्याची चूक जशी सर्वांना भोवली तशी इथे शेजाऱ्याची काळजी सर्वांना तारू शकते. यासाठी अवघड गणित लागत नाही, दुकानदाराची तयारी लागते. दुकानदारांसाठीच्या बीटीसीपे सर्व्हर या मोफत प्रणालीत 2020 पासून ही सोय आहे.

यावरचा पहिला आक्षेप असा की दोघांची गुप्तता म्हणजे समोरच्याच्या हाती आपली दोरी. कॉइनस्वॅपमध्ये नाणे कुणाशी बदलले हे समोरच्याला ठाऊक असते. तो पाळत ठेवणाऱ्या कंपनीचाच माणूस निघाला तर? शंका रास्त आहे. ख्रिस बेल्चर याने 2020 मध्ये मांडलेल्या आराखड्यात अदलाबदल एकापाठोपाठ अनेकांमधून नेण्याची तजवीज होती ती यासाठीच. शिवाय रक्कम आणि वेळ यांचा माग राहतोच. शेपशिफ्ट ही चलने बदलून देणारी सेवा आपल्या अलीकडच्या व्यवहारांची यादी सर्वांसाठी खुली ठेवत असे; ती यादी आणि दोन्ही वह्यांतल्या रकमा व वेळा जुळवून मायकलजॉन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पैसा एका चलनातून दुसऱ्यात कसा गेला ते दाखवले. पण यातून निघते काय? समोरचा पक्ष काय जपून ठेवतो आणि काय जाहीर करतो, यावरच सगळे अवलंबून आहे. आक्षेपाने मुद्दा मोडत नाही, उलट पक्का होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ही सोय चोरांची आहे. मार्च 2022 मध्ये रोनिन या प्रणालीतून 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली, अमेरिकेने त्यासाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवले, आणि त्यातला काही पैसा टोर्नेडो कॅश या मिक्सरमधून फिरवला गेला. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चोराला हवी असते ती सर्वांपासूनची गुप्तता, आणि समोर कुणी ओळखीचा पक्ष नसला तर ती त्याला अधिक सोयीची. दोघांनी मिळून राखलेली गुप्तता परक्यांपासून असते. दोघांच्याही वहीत नोंद राहते, आणि न्यायालयाने मागितली तर ती द्यावी लागते. आपल्या पेढ्यांना हा फरक चांगला ठाऊक होता. हुंडी कुणी कुणावर लिहिली हे बाजारभर होत नसे, तरी शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, म्हणजे पुढे वाद झाला तर पैसा कुणाच्या हाती गेला हे शोधता यावे. भारताचा कायदाही आज जवळपास हेच मागतो. 1 जुलै 2022 पासून दोन व्यक्तींतल्या अशा चलनांच्या थेट व्यवहारातसुद्धा ठरावीक मर्यादेपुढे खरेदीदाराने 1 टक्का कर कापून भरायचा आहे, आणि त्यासाठी विकणाऱ्याचा पॅन लागतो. नाशिकच्या खरेदीदाराने नागपूरच्या विक्रेत्याशी पेजॉइन केले तर प्राप्तिकर खात्यापासून काही लपत नाही. लपते ते बाकीच्या जगापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवताना सरकारी हस्तक्षेपाला कायदा आणि प्रमाणबद्धता यांची अट घातली. सर्वांना कायम उघडी असलेली वही ही अट कुणालाच लावू देत नाही. आणि ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने का घाबरावे, असे विचारणाऱ्यांनी 2020 मध्ये लेजर या पाकिटे बनवणाऱ्या कंपनीच्या सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन नंबर फुटले होते हे ध्यानात घ्यावे. वहीतल्या एका पत्त्याशी घराचा पत्ता जुळला की शिल्लक किती हे चोरालाही वाचता येते.

राहिला तिसरा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे: हे इतके चांगले असेल तर कुणी वापरत का नाही? पेजॉइनसाठी आरंभी दोन्ही पक्ष एकाच वेळी ऑनलाइन असावे लागत; कॉइनस्वॅपला जास्त व्यवहार, म्हणून जास्त शुल्क आणि वाट पाहणे. पण खरी अडचण हिशेबाची आहे. गैरसोय त्या दोघांची, फायदा विखुरलेला सगळ्यांचा. अशा कामाला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. पाकिटे बनवणाऱ्यांनी ही रीत मुळातच चालू ठेवली, वेगळी निवडायला लावली नाही, तरच ती रुजेल. झीकॅशच्या ऐच्छिक कप्प्याने हेच शिकवले होते.

न्यायालये मात्र अजून एकट्याला लपवणाऱ्या उपायांतच अडकली आहेत. टोर्नेडो कॅशवर अमेरिकेने ऑगस्ट 2022 मध्ये निर्बंध घातले. त्याचा एक विकासक अलेक्सी पेर्त्सेव याला मे 2024 मध्ये नेदरलँड्समध्ये 64 महिन्यांची शिक्षा झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने, कुणालाच बदलता न येणारा कोड ही कुणाची मालमत्ता नव्हे, असे म्हणून निर्बंध अवैध ठरवले. मार्च 2025 मध्ये ते उठले. आणि ऑगस्ट 2025 मध्ये दुसरा विकासक रोमन स्टॉर्म याला परवान्याशिवाय पैसे फिरवण्याच्या कटाबद्दल ज्यूरीने दोषी ठरवले. दोघांच्या अदलाबदलीत असा मधला चालक नसतो. तिथे गुन्हा घडलाच तर आरोपी त्या दोघांपैकीच कुणीतरी असेल, आणि तेच योग्य आहे.